विहीणबाईंचे गिअर

रविवारची सकाळ माझी होती. तसं काही ठरलेलं नव्हतं, पण लग्नानंतर मुलगा हिंजवडीजवळ राहायला गेला तेव्हापासून दर रविवारी तो आमच्याकडे शुक्रवार पेठेत यायचा. दडपे पोहे खायचा, दिवाणावर लोळत पेपर वाचायचा आणि जेवायच्या आधी परत जायचा. सूनबाई रविवारी उशिरा उठतात. तिला तिची झोप, मला माझा मुलगा. दोघींचं छान चाललं होतं.

मग विहीणबाईंची साठी आली. लेक-जावयानं मिळून त्यांना इलेक्ट्रिक सायकल दिली. साधीसुधी नव्हे, बाहेरून मागवलेली. पायडल आपण मारायचं, जोर मोटर लावणार, आणि गिअर तर आपण बदलायचेच नाहीत, सायकलच आपल्या मनानं बदलणार. मला साठीला एअर फ्रायर मिळाला होता. चांगला आहे. त्यात मी पापड भाजते.

बरं, सायकल दिली कुणाला? या बाई मूळच्या नागपूरच्या. यजमान गेल्यावर, लेक पुण्यात आहे म्हणून कोथरूडला येऊन राहिल्या. सायकल शाळेत असताना चालवली असेल तेवढीच. आणि मी? शाळेत गणित शिकवायचे तेव्हाची सगळी वर्षं मी सायकलवर गेले, पाचवारी साडी नेसून, टिळक रोडच्या गर्दीतून. याच मुलाला पुढे हँडलला छोटी सीट लावून बालवाडीत पोचवलंय. पण आईला सायकल येते हे मुलाच्या लक्षात राहायला हवं ना!

पहिल्या रविवारी फोन आला. "ए आई, आज जरा अहो आईंकडे जाऊन येतो. सायकलच्या गिअरचं सेटिंग करायचंय." सून मला जशी 'अहो आई' म्हणते तसा तो सासूला म्हणतो. मी 'ए आई'. आजवर मला याचा केवढा अभिमान होता! 'अहो' म्हणजे परकं, 'ए' म्हणजे आपलं. पण 'अहो' म्हटलेल्या माणसाकडे वेळेवर जावं लागतं, 'ए' म्हटलेल्या माणसाला फोन करून नाही म्हणता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. पोहे करायचे आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघत खायचे. आमचे हे म्हणाले, "अगं, करू दे की. कंपनीत दिवसभर लॅपटॉपवर सेटिंगच करतो, सासूकडेही तेच करतो. बिचाऱ्याला बदल नाही." ह्यांना सगळ्याचं हसू येतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

शेवटी मी सूनबाईंना फोन लावला. "काय गं, गिअरच आहेत ना ते? का विमान उडवायचंय तुझ्या आईला?"

ती हसली आणि तिनं खरं काय ते सांगितलं. हा तिथं जाऊन लॅपटॉप सायकलला जोडतो, काहीतरी बदलतो, विहीणबाई एक चक्कर मारून येतात आणि म्हणतात, "मस्त झालं." हा खूश होऊन घरी येतो. मग सोमवारी त्या लेकीला हळूच सांगतात, की चढावर अजून धक्का बसतो. लेक नवऱ्याला सांगते. की पुढच्या रविवारी स्वारी पुन्हा कोथरूडला.

"मग त्यालाच का नाही सांगत त्या?"

"अहो आई, जावयाच्या कामाला नाव कसं ठेवणार? तिच्या तोंडून निघतच नाही."

घ्या! म्हणजे यांच्या भिडेपायी माझे रविवार चालले होते. आमच्याकडे पहिल्याच दिवशी 'जमलं नाही' म्हणून मोकळे झालो असतो. ठरवलं, आपणच जायचं आणि हे सेटिंग एकदाचं संपवायचं.

त्या रविवारी डब्यात दडपे पोहे भरले आणि रिक्षा केली. विहीणबाईंची सोसायटी टेकडीच्या अंगाला आहे, फाटकातून बाहेर पडलं की डावीकडे चढच. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर लॅपटॉप, त्यातून निघालेली केबल सायकलला, आणि माझा मुलगा जमिनीवर मांडी घालून बसलेला. शेजारी नागपुरी तर्री पोह्यांची रिकामी बशी. रिकामी! माझा डबा मी पिशवीतून काढलाच नाही.

"अरे, तू कशी काय?" एवढं म्हणून तो परत स्क्रीनकडे वळला.

आणि मग मी त्याला बोलताना ऐकलं. "अहो आई, चढावर जोर द्यावा लागला की कुठल्या गुडघ्यात दुखतं? उजव्या? आतून की बाहेरून? पाय भराभर फिरलेले बरे वाटतात की सावकाश? थांबून परत निघताना भीती वाटते का?" एकेक प्रश्न विचारत होता, उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबत होता आणि मग स्क्रीनवरचा एखादा आकडा सरकवत होता. इतका मऊ आवाज मी त्याच्या तोंडून फार वर्षांत ऐकला नव्हता.

माझा डावा गुडघा दोन वर्षं दुखतोय. मुलाला मी सांगितलेलं नाही. आमच्या जिन्यावर तो माझ्या पुढे चढतो, मी कठड्याला धरून मागून येते, आणि प्रत्येक वेळी वाटतं की आता हा मागे वळेल, विचारेल. त्यानं आपणहून विचारावं, एवढंच मला हवं होतं. मागून घेतलेलं नको होतं. आणि इथं या बाईच्या गुडघ्याची आतून-बाहेरून चौकशी चालली होती! जळफळाट म्हणजे काय ते त्या पार्किंगमध्ये मला नीट कळलं.

विहीणबाई चक्कर मारून आल्या. चेहरा लाल, एक हात गुडघ्यावर. "मस्त चालते न बाळा! आता एकदम छान झालं."

बाळा! माझ्या डोक्यात तिडीक गेली. "छान झालं तर घाम कसला आलाय एवढा? अहो, खरं सांगा ना त्याला. तो काय रडणार आहे का?"

"नाही हो विहीणबाई, खरंच छान आहे," त्या ओशाळून म्हणाल्या.

"द्या इकडे ते हेल्मेट."

"ए आई, तू?" मुलगा उठलाच. "पडशील."

"तू पुढच्या सीटवर बसायचास तेव्हा नाही पडले," म्हटलं आणि टांग टाकली.

फाटकापाशी गाडी आडवी आली म्हणून थांबले. परत निघाले तर पहिलंच पायडल इतकं हलकं, की पाय आपोआप खाली गेला. थांबल्याबरोबर सायकल मुकाट्यानं सगळ्यात हलक्या गिअरवर आली होती. निघताना भीती वाटते का, असं त्यानं विचारलं होतं ना, त्याचं हे उत्तर. थोडं पुढे गेले तर पाय जड व्हायच्या आत मोटरनं जोर लावला. प्रत्येक ठिकाणी माझ्या मुलानं आधीच विचार करून ठेवलेला होता. मला तो तळपायाला जाणवत होता. आणि त्यातलं काहीही माझ्यासाठी नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या मापाचा स्वेटर अंगात घातला आणि तो ऊबदार निघाला, तसं झालं. गुडघा दुखत नव्हता. त्याचाच मला जास्त राग आला.

खरा चढ लागला तेव्हा मात्र धक्का बसला. बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं.

खाली आले आणि मास्तरीण होऊन सांगितलं, "चढ लागल्यावर बदलतोय तो गिअर. पायाला वजन कळायच्या आत बदलायला हवा. आणि उतारावर उगाच घाई करतोय, त्याला जरा दम धरायला सांग."

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. एक पट्टी थोडी सरकवली. मी पुन्हा गेले. "अजून. आणखी लवकर." पुन्हा सरकवली. असं बराच वेळ चाललं. मी सांगत होते, तो बदलत होता, आणि मधे कुणी नव्हतं. सायकल त्यांची असली तरी तेवढा वेळ मुलगा माझा होता. मला इतका आनंद झाला होता की विहीणबाईंनी आणून दिलेला चहासुद्धा मी गोड मानून घेतला.

शेवटी त्या जाऊन आल्या. या वेळी घाम नव्हता. त्यांनी माझा हात धरला आणि दाबला. मुलानं केबल काढली. "संपलं एकदाचं. ए आई, तू भारी आहेस! पुढच्या रविवारी पोहे खायला येतो."

ज्यासाठी आले होते ते मिळालं होतं. तेव्हाच डबा उचलून निघायचं होतं. पण तो केबल गुंडाळत असताना त्यांच्याकडे वळून म्हणाला, "अहो आई, गुडघ्यावर आता बर्फ लावा हं, विसरू नका." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझाही डावा गुडघा दुखतो."

तो हसला. मान वर न करता हसला. "ए आई, काहीतरीच तुझं! तुला कुठे काय होतं? आत्ता एवढ्या चकरा मारल्यास."

मी डब्याची पिशवी उचलली.

"कधीपासून दुखते, विहीणबाई?" त्यांनी विचारलं. मी पिशवीचे बंद सारखे करत राहिले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग जावयाकडे, आणि ज्या बाईच्या तोंडून इतके रविवार 'जमलं नाही' निघालं नव्हतं ती बाई त्याच्यावर कडाडली. "हसून काय राहिला रे? आई सांगून राहिली न तुझी. विचार त्यांना. आत्ता विचार!"

त्याचा हात केबलवरच थांबला. मग तो माझ्यासमोर येऊन बसला. कधीपासून दुखतो, आतून की बाहेरून, चढताना की उतरताना, सगळं त्याच मऊ आवाजात विचारलं, आणि प्रत्येक उत्तराला थांबला. जिन्यावर कसं होतं, हेही विचारलं.

मी सगळं सांगितलं. सांगताना बघत मात्र विहीणबाईंकडे होते. माझी चौकशी करायचं तेवढं तरी त्यांनी त्याला आपलं आपण सुचू द्यायचं होतं.