सहा मिनिटं बारा सेकंदांची सनई

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेनंतरचा दुसरा रविवार. मशीनची किंमत अकरा हजार चारशे पन्नास रुपये, घरपोच. जागा – पोशीर, आमच्या घराची पुढची खोली. हजर माणसं तीन : मी, माझी बायको आणि माझी आई. हे आधीच लिहितो, कारण पुढचं वाचून पहिला प्रश्न हाच येईल की तुमच्याशिवाय कुणी ऐकलं का.

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. खरं सांगतो, निम्म्याहून जास्त वाचून हसलोय. मोजता येतं तेवढंच खरं, असं मानणारा मी माणूस. त्यामुळे हे लिहायला बसताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं तसं सांगतो.

माझे वडील – आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो – शेती सांभाळून लाउडस्पीकरचा धंदा करायचे. पोशीरपासून कशेळ्याच्या पलीकडच्या पाड्यांपर्यंत लग्न, हळद, पूजा असली की अण्णांचा भोंगा आंब्यावर चढायचा. पुढे मोठमोठे साउंडवाले आले आणि धंदा बंद पडला. अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. मागे राहिली ती पत्र्याची एक पेटी, आत त्रेचाळीस रेकॉर्डी.

त्या खराब होण्याआधी कॉम्प्युटरवर घ्याव्यात म्हणून मी ते मशीन मागवलं. एकाच डब्यात रेकॉर्ड, कॅसेट, सीडी आणि रेडिओ. पेनड्राइव्ह लावायचा, लाल बटण दाबायचं, रेकॉर्ड वाजत वाजत फाईल तयार होते. बायको म्हणाली, "एका डब्यात चार कामं करतं. असाच नवरा बघायला सांगायला हवं होतं मी बाबांना."

आई भिंतीला टेकून बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर. ती म्हणाली, "सनईची नको लावू रं बाबू."

ती का नको म्हणाली ते सांगायला हवं.

बत्तीस वर्षांपूर्वी, याच अंगणात, माझ्या ताईचं लग्न झालं. आमच्याकडे नवरीला हाताला धरून मांडवात आणायचा मान मामाचा. आमचे दामूमामा लोधिवलीचे, आईचे एकुलते एक भाऊ. पत्रिकेत त्यांचं नाव चुलत्यांच्या खाली छापलं गेलं, एवढ्यावरून ते रुसले. मांडवात आलेच नाहीत. बाहेर रस्त्यावर जांभळीखाली जाऊन उभे राहिले आणि निरोप धाडला – मला माईकवरून मानानं बोलवा, तर येतो. अण्णाही तसेच ताठ. मुहूर्त टळायला आला तरी बोलवेनात. शेवटी चुलत्यांनी ताईला आणलं. मामा जांभळीखालूनच लोधिवलीला परत गेले. ते पुन्हा आमच्या दारात आले नाहीत, आम्ही त्यांच्या दारात गेलो नाही.

म्हणजे, अण्णांनी बोलावलंच नाही असं आई समजत होती. अण्णा मरेपर्यंत सांगत राहिले, "मी हाक मारली व्हती. तो आला नाय." आई म्हणायची, "माजा भाऊ खोटं बोलनार नाय. हाक आली असती तर आला असता." त्या दोघांत या एका गोष्टीवरून जे अंतर पडलं ते शेवटपर्यंत भरलं नाही. बत्तीस भाऊबीजा आईनं चंद्राला ओवाळून काढल्या.

खरं काय घडलं ते एका माणसाला माहीत होतं. मला.

त्या दिवशी मशीनवर मी बसलो होतो. वय एकवीस. सनईची रेकॉर्ड लावली होती, ती संपता संपता मंगलाष्टका सुरू व्हाव्यात म्हणून मी घड्याळ लावून सेकंद मोजत होतो. अण्णा मांडवातून धावत आले, "दे इकडं," म्हणत माईक हातातून ओढून घेतला, तोंडाला लावून बोलले आणि तसेच धावत गेले. अँप्लिफायरला दोन बटणं असतात – एक रेकॉर्डचं, एक माईकचं. कुणी माईक घेतला की पहिलं कमी करून दुसरं वर करायचं, हे माझं काम. मी घड्याळ बघत होतो. रेकॉर्ड संपल्यावर पाहिलं तर माईकचं बटण शून्यावर. मांडवात ताशा एवढा वाजत होता की आपला आवाज भोंग्यातून गेलाच नाही हे अण्णांना कळलं नाही. रस्त्यावर गेली ती नुसती सनई.

त्या दिवशी अण्णांच्या भीतीनं बोललो नाही. मग महिना गेला, वर्ष गेलं... काही गोष्टी वेळेवर सांगितल्या नाहीत की नंतर सांगायला तोंड उरत नाही.

तर त्या रविवारी आई नको म्हणत असतानाही मी ती रेकॉर्ड लावली. यादीत क्रमांक सतरा होता, मधला आकडा सोडणं माझ्याच्यानं होत नाही. वेळ पावणेचार. बाजू सहा मिनिटं बारा सेकंदांची. वाजताना तिघांनी ऐकली ती फक्त सनई. मग फाईल नीट आली का पाहायला मी ती लॅपटॉपवर लावली.

चार मिनिटं सहा सेकंदांवर कुणीतरी खाकरलं. सनईच्या वरून.

"हॅलो... हॅलो. नवरीचे मामा, लोधिवली. जिथं असतील तिथून मांडवात यावे. मुहूर्त तुमच्यासाठी थांबला आहे." मग थोडं थांबून, हळू : "दामू, ये रं. तुज्याबिगर पोरगी उठनार नाय."

एकोणीस सेकंद. आवाज अण्णांचा. शेवटचं वाक्य मी त्या दिवशी हातभर अंतरावर बसूनही ऐकलं नव्हतं.

बायकोनं माझा दंड धरला. आई भिंतीपासून सरकत पुढे आली, लॅपटॉपवर हात ठेवला आणि म्हणाली, "बोलावलं व्हतं रं यांनी." मग, "मी त्यांचं येक डाव बी ऐकलं नाय."

ती उठून लुगडं सारखं करायला लागली. "चल. आत्ता चल लोधिवलीला. दामूला ऐकवू."

मामा गणपतीपासून अंथरुणाला खिळलेत हे ताईकडून कळलं होतं. गाडी दारात होती, तासाभराचा रस्ता. मी म्हणालो, "आई, आधी खात्री करू दे. मशीनचा काही घोळ असेल. आजारी माणसापुढे असं काहीतरी घेऊन जायचं..."

"कसली खात्री? आवाज वळखत नाय तुला बापाचा?"

"दोन दिवस दे मला."

खात्री करायची होती हे खरं. पण पूर्ण खरं नाही. मामा विचारणार होते, मग मला ऐकू कसं आलं नाही? आणि त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

सोमवार ते बुधवार मी तीच बाजू अकरा वेळा रेकॉर्ड केली. अकराही वेळा सहा मिनिटं बारा सेकंद, अकराही वेळा फक्त सनई. पहिल्या फाईलमध्ये मात्र आवाज होता. कॅसेटचा कप्पा रिकामा. रेडिओ बंद. अण्णांचा आवाज आमच्याकडे कशावरच नव्हता – दुसऱ्यांची गाणी वाजवण्यात माणसाचा जन्म गेला, त्याचं स्वतःचं कुणी टेप केलं नाही. आणि रेकॉर्डवरची सुई खाचेतलं वाचते फक्त, काही लिहीत नाही. ज्या माईकचा आवाज भोंग्यापर्यंत गेला नाही, तो रेकॉर्डमध्ये कुठून जाणार?

बुधवारी संध्याकाळी आई म्हणाली, "झाली का रं मोजून?" मी म्हणालो, उद्या सकाळी निघू.

गुरुवारी पहाटे ताईचा फोन आला. दामूमामा गेले.

आईला घेऊन गेलो. तिनं भावाला बघितलं ते असं. ती रडली नाही. फक्त त्यांच्या कानाजवळ वाकून काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही.

तेराव्याला पुन्हा गेलो. जेवणं आटोपल्यावर मामींनी स्वतःच विषय काढला. "आजारी पडल्या दिसापासून तुमची आठवन काडत व्हते वन्सं. जायच्या आदल्या रविवारी तर आक्रीतच. कूस बदलाया दोन मानसं लागत व्हती, ते आपले आपन उठून बसले. मला म्हनतात, टोपी दे, माईकवर बोलवतायत. मी म्हनलं कुनाचं लगीन हाय? तर म्हनतात, पोरीचं."

मी विचारलं, "किती वाजता, मामी?"

"च्याच्या येळंला. घड्याळ कोन बघतं रं?"

चहाची वेळ म्हणजे पावणेचारही असू शकते आणि पाचही. मी त्याहून जास्त काही म्हणत नाही.

"मग दिलीत टोपी?" आईनं विचारलं.

"दिली की. घालून बसले तासभर. कोनी न्यायाला आलं नाय, मग निजले."

तेव्हा मी सांगितलं. बटणाचं, घड्याळाचं, अकरा वेळांचं, सगळं. आई आणि मामी, दोघींसमोर. मोबाईलवर ती फाईल लावली. सनई, खाकरणं, हॅलो. अण्णांचं शेवटचं वाक्य आलं तशी मामींनी पदर तोंडाला लावला.

फाईल संपल्यावर मामी म्हणाल्या, "बत्तीस वर्सं लागली तुला येक बटन फिरवाया."

आई खाली बघत होती. म्हणाली, "आनि चार दिस."

फाईल आजही माझ्याकडे आहे, आवाजासकट. कुणालाही पाठवणार नाही, कृपया मागू नका. ती कशी झाली ते मला समजलेलं नाही आणि समजेल असं वाटत नाही. मशीन पुन्हा खोक्यात घातलं. सव्वीस रेकॉर्डी राहिल्या आहेत.

निघताना आईनं पिशवीतून एक पुडकं काढलं. लग्नात मामाला द्यायचा म्हणून अण्णांनी आणलेला मान तिच्या ट्रंकेत बत्तीस वर्षं तसाच होता. तो तिनं मामींच्या पदरात घातला : घडी न मोडलेला गुलाबी फेटा, शंभराची जुनी नोट, वर एक रुपया. नारळ तेवढा तेराव्याला येताना वाटेत चौक गावी घेतला होता.