बाभळीखालचा सर्व्हे

सत्तरच्या दशकात आमच्या कॉलेजात सिव्हिलच्या वर्गात मी एकटीच मुलगी. बाबांचं बर्डीच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. प्रवेश घेतानाच त्यांनी बजावलं, "एका विषयात जरी राहिली, तर घरी बसायचं." बाबा बोलले की करून दाखवत.

सर्व्हेचं प्रॅक्टिकल कॉलेजमागच्या मैदानात असे. चौघांचा गट. कुणी लेव्हल लावायची, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायची दुर्बीण, कुणी समोर आकड्यांची उंच लाकडी पट्टी धरायची, कुणी लिहायचं. पाळीपाळीने सगळ्यांनी सगळं करायचं, असा नियम. पहिल्याच दिवशी सर मला म्हणाले, "बेटा, तू कशाला उन्हात? बाभळीखाली बस, हे सांगतील ते आकडे लिही." पोरांचं आयतंच फावलं. मी दुर्बिणीकडे निघाले की एखादा म्हणे, "काहून उन्हात येऊन राहिली वं? काळी पडली तर बापाले त्रास." सगळे हसत, सरसुद्धा. वर्षभर मी सुवाच्य अक्षरात आकडे लिहिले आणि त्यांवरून त्या तिघांनी आपल्या वह्या भरल्या.

परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला दुर्बीण लावायला सांगितली. पुस्तक पाठ होतं, पण कुठला स्क्रू फिरवला की पातळी दाखवणारा नळीतला बुडबुडा कुठे सरकतो, ते हाताला माहीत नव्हतं. घामाघूम होऊन कशीबशी लावली, डोळा लावला, तर पट्टी धरलेला माणूस खाली डोकं वर पाय.

"सर, यंत्र बिघडलंय," मी म्हणाले. "सगळं उलटं दिसतंय."

त्या जुन्या दुर्बिणींतून उलटंच दिसायचं. एकदा जरी कुणी मला डोळा लावू दिला असता तरी कळलं असतं. परीक्षक हसले, पोरं हसली, सर सगळ्यांत मोठ्याने हसले, आणि मी नापास झाले. पुढे कितीतरी दिवस येताजाता पोरांच्या हॉस्टेलच्या खिडक्यांतून आवाज येत, "आता सुलटं दिसून राहिलं का वं?" एकेकाचा गळा दाबावासा वाटे.

आईने घरात रडून-भांडून फेरपरीक्षेपुरती सवलत मिळवली. सरावासाठी दुर्बीण मागितली तर सर म्हणाले, "गट आण, मग देतो." पास झालेली पोरं म्हणाली, "आमाले काय पडली आहे?" मी रोज सरांच्या दारात उभी राहू लागले. शेवटी कंटाळून ते म्हणाले, "ने. पण शिपाई मिळणार नाही."

दुर्बिणीची तिपाई खांद्यावर, तिची पेटी हातात, पट्टीसाठी दुसरी खेप. पट्टी धरायला कुणी नाही, म्हणून दुकानातल्या चिंध्यांनी ती बाभळीला बांधायची आणि दुर्बीणच जागा बदलून पुन्हापुन्हा लावायची. सर व्हरांड्यात चहा पीत बघत असत. मदतीला कधी उठले नाहीत.

फेरपरीक्षेला मी झटक्यात दुर्बीण लावली आणि आकडे अचूक वाचले. परीक्षक खूश झाले. "इतका चांगला हात कुणी बसवून दिला?"

"मीच," शेजारी उभे असलेले सर म्हणाले. "मुलींवर आम्ही विशेष मेहनत घेतो, साहेब."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मार्क अजून लिहायचे होते.

"हो, सरांनीच शिकवलं," मी म्हणाले. सरांनी पाठ थोपटली, आणि रीत म्हणून मला त्यांच्या पाया पडावं लागलं.