ग्रीस न देणारा दुकानदार

भोसरीतला तो हार्डवेअरचा दुकानदार गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघत नाही, हातांकडं बघतो. काहीही मागा, आधी विचारणार, "लागणार कुठं?" मला त्याचा राग यायचा. चौथी शिकलो असलो तरी जन्मभर वायरमनकी केली मी.

पोरगा कामाला आहे त्या चाकणच्या कंपनीत, अकरा हजार व्होल्टच्या पॅनलमधल्या केबलच्या टोकांवर रबरी टोप्या बसवायचं काम मी घेतलं होतं. टोप्यांना आतून लावायला त्याच्याकडं बेअरिंगचं ग्रीस मागितलं. त्यानं माझ्या हातातली टोपी दाबून बघितली.

"नाही देणार, चाचा. ह्यानं हे रबर फुगतं, मग आत ठिणगी. पांढरं सिलिकॉनचं न्या."

"तुझ्या जन्माआधीपासून हेच लावतोय."

"लावलं असेल. तेव्हा हे रबर नव्हतं."

मी तरातरा शेजारच्या दुकानाकडं निघालो, तर हा बाहेर येऊन ओरडला, "चाचांना बेअरिंगचं ग्रीस कुणी देऊ नका रे." आख्खी गल्ली हसली. झक मारत पांढरी ट्यूब घेतली.

मध्यंतरी पोरानं टोप्या उघडून बघितल्या. रबर नव्यासारखं होतं. हे मी त्या दुकानदाराला सांगायचा नाही. पण पोरगा रोज त्या पॅनलपुढं उभा राहतो आणि संध्याकाळी माझ्या शेजारी बसून जेवतो. तेव्हा त्या माणसाला मी मनातल्या मनात हात जोडतो.