शंभरावर बांधलेली पेटी

वायरवाले नाना कुठल्याही बिघाडासमोर आधी हात पाठीमागे बांधून उभे राहत. जळगावातल्या आमच्या तपासणी केंद्रात एमआरआय आणि सीटी स्कॅन होतात. तिथलं सगळं नेटवर्क त्यांनीच उभं केलेलं, आता ते सांभाळायचं काम माझं. काही अडलं म्हणून बोलवावं, तर हे चपला दाराबाहेर काढून आत यायचे आणि दहा-पंधरा मिनिटं नुसते यंत्रांवरचे दिवे बघत राहायचे. मला याचा भयंकर राग यायचा. मी शिकून-सवरून आलेली, पण बोटांना दम नसलेली. काहीही बिघडलं की आधी बंद करून चालू करायची. "हात लावला की पुरावा जातो," असं ते मला एकदा म्हणाले होते. मी मनात हसले होते.

दुसरी सवय म्हणजे माणसांना विचारायची. पाचोऱ्याला एका मारवाडी शेठजींच्या पेढीवर रोज दुपारी सगळे कॉम्प्युटर एकमेकांना मुके व्हायचे. दोन जणांनी वायरी बदलून पाहिल्या. नानांनी मुनीमजींना फक्त जेवणाची वेळ विचारली. जेवताना मुनीमजी पंखा लावायचे आणि त्यासाठी, सगळ्या वायरी जिथे येऊन जुळतात त्या डब्याचाच प्लग काढायचे. हा किस्सा नाना मुनीमजींची टिंगल न करता सांगायचे, म्हणून मला तो जास्त आवडायचा.

दोन वर्षांपूर्वी आम्ही वायरी जुळवणारे ते डबे, ज्यांना स्विच म्हणतात, नवे बसवले. म्हणजे मीच बसवले, रविवारी, मोठ्या ऐटीत. सोमवारी जुन्या रुग्णांची चित्रं उघडेनात. ती सगळी एका जुन्या स्टोरेजच्या पेटीत होती. पेटी यादीत दिसायची, चित्र मागितलं की अडकायची. नेमकी त्याच दिवशी धरणगावची एक बाई नवऱ्यासोबत आली होती. तिच्या डोक्यात गाठ होती. गाठ वाढली असेल तर मुंबईला ऑपरेशन, नसेल तर हात लावायचा नाही, एवढंच ठरायचं होतं. आणि ते जुन्या चित्राशेजारी नवं ठेवल्याशिवाय ठरणार नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी मला सगळ्यांदेखत झाडलं. फोनवर कंपनीचा माणूस म्हणाला, पेटी म्हातारी झाली, रीसेट करा. मी कागदाची पिन सरळ करून पेटीच्या रीसेटच्या बारीक भोकाशी नेली, तेवढ्यात नाना आले.

"थांब बेटा," ते म्हणाले. "चित्रं गेली तर परत कोण देईल?"

मग पुन्हा ते हात मागे आणि ते दिव्यांकडे बघणं. बाई बाकावर बसून आमच्याकडे बघत होती, आणि मला रडू येत होतं. नानांनी मला पेटीकडे छोटे निरोप पाठवायला सांगितले. ते सगळे नीट परत आले. म्हणजे वायर शाबूत होती, पेटीही जिवंत होती, फक्त मोठं काही पलीकडून येत नव्हतं. माझ्या खुर्चीत बसून नानांनी पेटीच्या सेटिंगचं पान उघडलं. ते रडतखडत आलं. वेग शंभरावर, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिटवर, बांधलेला होता.

फार वर्षांपूर्वी जुना स्विच आणि ही पेटी यांचं आपसात वेगावर जमेना, म्हणून नानांनीच दोन्ही टोकं एका वेगावर बांधून टाकली होती. आता जुना स्विच भंगारात गेला. नव्या स्विचने पेटीला वेग विचारला, उत्तर आलं नाही, तेव्हा त्याने समजून घेतलं की एका वेळी एकानेच बोलायचं. पेटी मात्र दोन्हीकडून एकदम बोलत होती. छोटे निरोप निसटायचे, चित्रं धडकायची. आणि ही गाठ नानांनी कुठेच लिहून ठेवली नव्हती.

ते गप्प बसले असते तरी चाललं असतं. त्या खोलीत हे कळणारे ते एकटेच होते. त्यांनी पेटीचा वेग मोकळा केला, चित्र उघडतंय असं पाहिलं आणि बाहेर जाऊन म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हिला बोलू नका. हे मी करून ठेवलंय."

बाईच्या डोक्यातली गाठ होती तेवढीच होती. तिने दोनदा विचारून खात्री केली आणि पदर सावरून उठली.

दुसऱ्या दिवसापासून नाना गावोगाव निघाले. जिथे जिथे अशी पेटी बांधली होती ती ठिकाणं त्यांनी आठवून काढली. चाळीसगाव, पाचोरा, धरणगाव, सगळीकडे एसटीने. कोणी बोलावलेलं नसायचं. लोकांना वाटायचं, म्हातारा बिल लावायला आला. शेवटी धुळ्याचा एक डोळ्यांचा दवाखाना तेवढा राहिला, आणि नानांनी अंथरूण धरलं. त्यांनी मला फोन केला. मी गेले.

तिथे सगळं छान चालू होतं, कारण जुना स्विच अजून बदललेला नव्हता. तक्रार कोणाची, असं काउंटरवरच्या मुलीने विचारलं. कोणाचीच नाही, मी म्हटलं. स्विच आणि पेटी, दोन्हीकडचा वेग मोकळा केला, सगळं चालतंय असं पाहिलं, काय बदललं आणि का, हे चिठ्ठीवर लिहून खाली माझं नाव घातलं, चिठ्ठी पेटीवर चिकटवली आणि नानांना फोन लावला. त्यांच्या पत्नी अक्कांनी तो त्यांच्या कानाशी धरला. मी चिठ्ठी वाचून दाखवली. मग ते माझ्याशी कधीच न बोललेल्या घरच्या अहिराणी बोलीत म्हणाले, "तुनं नाव काढ. मनं टाक. चूक मनी शे."

मी चिठ्ठी बदलली, माझ्या नावाजागी त्यांचं घातलं. नाना तिसऱ्या दिवशी गेले. खानदेशात कितीतरी ठिकाणी त्यांच्या हातचं काम अजून बिनबोभाट चालू आहे. त्यांचं नाव मात्र त्या एकाच पेटीवर लिहिलेलं आहे, तेही चुकीखाली.