ओळीआधीची मोकळी जागा

"ताई, पायथन. डोळे मिटून पायथन घे," असं माझा धाकटा भाऊ म्हणाला आणि लगेच त्यानं जीभ चावली. मी म्हटलं, "अरे, मिटल्यातच जमा आहेत. पुढे बोल."

मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहतो. बाबा सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये होते, सोसायटीतला हा फ्लॅट त्यांनी घेतलेला. आई-बाबा आता दोघंही नाहीत. भाऊ नोएडात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मीही नोएडातच होते, एका हिंदी मासिकाच्या ऑफिसात. तिथे मी पानं लावायचे, म्हणजे मजकूर, फोटो, मथळे पानावर बसवायचे. एखादी ओळ केसभर जरी आत सरकली असली तरी ती मला लांबून खुपायची. ज्युनिअर लोक माझ्या टेबलाशी यायला टरकायचे, कारण पान हातात आलं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "ये लाइन कहाँ घूमने जा रही है?" अख्खं ऑफिस माझी नक्कल करायचं. मला त्याचा राग यायचा नाही. उलट बरं वाटायचं.

मग काचबिंदू झाला. हा मेला दुखत नाही, खुपत नाही, चुपचाप कडेकडेनं नजर खात येतो. मला पानाच्या कडा दिसेनाशा झाल्या तेव्हा मी चष्म्याला दोष दिला, मग ट्यूबलाइटला. डॉक्टरकडे गेले तेव्हा फार उशीर झाला होता. आता उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही.

ऑफिसनं मला लगेच काढलं नाही, हे सांगायला हवं. माझ्या लॅपटॉपवर बोलणारं सॉफ्टवेअर होतं. त्यातून मी लेख ऐकायचे आणि चुका सांगायचे. असं बरं चाललं होतं. मग एक दिवस सगळ्यांना बोलावून सांगितलं की छापील मासिक बंद होणार, आता फक्त वेबसाइट. पानं लावणाऱ्यांनी थोडंफार कोडिंग शिकायचं, परीक्षा द्यायची. जे पास होतील ते वेबसाइटच्या कामाला, बाकीच्यांना निरोप. कुठल्या भाषेत शिकायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मला पास व्हायचं होतं. पैशासाठी म्हणाल तर भाऊ कमावता आहे, मी काही उपाशी मेले नसते. मला रोज सकाळी घराबाहेर पडायला कारण हवं होतं. डोळे गेले की माणसं तुम्हाला फार प्रेमानं खुर्चीत बसवतात, आणि मग त्या खुर्चीतून उठू देत नाहीत. आत्या नाही का म्हणाली फोनवर, "आता काय, आराम कर!" आराम! मला तर ऐकूनच धडकी भरली.

तर पायथन. भाऊ तेच म्हणाला, शेजारचे काकाही तेच म्हणाले, आणि करोल बागच्या क्लासमधले सर तर त्याच्याशिवाय दुसरं काही शिकवायलाच तयार नव्हते. नवशिक्यांसाठी सगळ्यांत सोपी भाषा, बिल्कुल इंग्रजीसारखी. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "देखिए, कितना साफ दिखता है. कोई ब्रैकेट नहीं, कोई कचरा नहीं." सगळा वर्ग हो म्हणाला.

मी विचारलं, "सर, ब्रैकेट की जगह क्या है?"

"जगह ही है, मॅडम. खाली जगह."

म्हणजे असं, की एखादी ओळ वरच्या ओळीच्या ताब्यात असेल, तर तिच्या आधी चार जागा मोकळ्या सोडायच्या. त्याच्या आत आणखी काही असेल तर आणखी चार. कोण कोणाच्या आत आहे, हे तेवढ्यावरून ठरतं. बघणाऱ्याला दिसतंच.

दिसतंच! कप्पाळ माझं! माझं सॉफ्टवेअर अक्षरं वाचतं, आकडे वाचतं, मोकळ्या जागेला मात्र गप्प बसतं. माझ्या कानाला सगळ्या ओळी सारख्याच. मी लिहायचे, चालवायचे, चूक. पुन्हा लिहायचे, चूक. भाऊ दमून घरी यायचा, बूट काढायच्या आधी माझ्या मागे उभा राहून बघायचा. "ताई, इथे तीनच जागा सोडल्यास. आणि इथे पाच." मी मोजून सोडायचे हो, पण खोडायला गेले की कुठली राहिली, कुठली गेली, कळायचं नाही. माझ्या अगदी नाकी नऊ आले. क्लासमध्ये बाकीचे पुढे गेले. सर माझ्याशी इतक्या गोड आवाजात बोलायला लागले की मला त्यांना चावावंसं वाटायचं. आणि खरं सांगू, मला मनातून वाटायला लागलं, डोळ्यांबरोबर आपलं डोकंही गेलं. सगळ्यांत सोपी भाषा येत नाही म्हणजे आणखी काय?

एका रविवारी मी वैतागून भावाला म्हटलं, "दुसरं काहीतरी ऐकव. काहीही." त्यानं कॉलेजात जावा भाषेत लिहिलेला एक जुना प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर टाकला. सॉफ्टवेअर वाचायला लागलं, आणि मधेच म्हणालं, "लेफ्ट ब्रेस." थोड्या ओळींनी म्हणालं, "राइट ब्रेस." म्हणजे महिरपी कंस. आत शिरताना एक, बाहेर पडताना एक, घराचं दार वाजावं तसं. मला पहिल्यांदा कळलं की मी कुठे उभी आहे.

"हे! हे शिकव मला!"

"ताई, यार, ही पहिली भाषा म्हणून आता कोण घेतं? एक शब्द छापायला पाच ओळी लागतात."

"पन्नास लागू देत. मला ऐकू येतंय."

तासभर भांडलो. शेवटी त्यानं हात जोडले, आणि आम्ही करोल बागचा क्लास सोडला. तो रोज जेवणाआधी शिकवायचा. मला येत होतं! चुका व्हायच्या, पण त्या माझ्या मला सापडायच्या. माझा पहिला मोठा प्रोग्रॅम चालला त्या दिवशी मी त्याला शिरा करून खाऊ घातला, अंदाजानं, आणि साखर जास्त पडली तरी त्यानं ताट पुसून खाल्लं.

परीक्षा महिन्यावर आली आणि ऑफिसनं फर्मान काढलं: सगळ्यांना एकच भाषा. पायथन.

मी तडक एचआरच्या बाईंकडे गेले. सगळं समजावलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, आपके बारे में सोचकर ही तो सबसे आसान वाली रखी है." माझा आवाज चढला. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. उपयोग शून्य.

त्या आठवड्यात भावानं इंटरनेट पालथं घातलं आणि त्याला सापडलं की माझ्या सॉफ्टवेअरमध्येच एक सेटिंग आहे. ती चालू केली की ओळीआधी किती जागा मोकळ्या आहेत ते सॉफ्टवेअर सांगतं. चार, आठ, बारा. एवढंच! हात्तिच्या, इतके महिने आम्ही डोकं फोडलं त्याचं औषध तिथेच बसलं होतं. भाऊ रडवेला झाला. "मी आधीच शोधायला हवं होतं."

"तुला कसं सुचेल? तुला दिसतं. चल, बस, शिकव."

महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. झोपेतही जागा मोजत होते. आणि तयारी झाली. भाऊ उगाच कौतुक करणारा नाही, पण तो म्हणाला, "तू पास आहेस."

परीक्षेच्या दिवशी कळलं की स्वतःचा लॅपटॉप आणायचा नाही, सिक्युरिटीचं कारण. ऑफिसच्या कंप्युटरवर माझं सॉफ्टवेअर नव्हतं. त्याऐवजी मी सांगेन ते टाइप करायला मला एक लेखनिक दिली, अकाउंट्समधली बाई. माझी जुनी ओळखीची, फार भली. जन्मभर पत्रं टाइप केलेली, कोडिंगशी काडीचा संबंध नाही. ती प्रश्न वाचायची आणि मी एकेक अक्षर सांगायचे. "नई लाइन. चार स्पेस." मी कान देऊन ऐकायचे, खट खट खट खट. मग पुढचं. एकही जागा मी सुटू दिली नाही. सगळे प्रश्न झाले, तरी थोडा वेळ उरला. चालवून बघायची सोय नव्हतीच, नुसतं लिहून द्यायचं होतं. ती म्हणाली, "आप थक गई होंगी. मैं एक बार ठीक-ठाक करके भेज देती हूँ." मला वाटलं, स्पेलिंग तपासत असेल. मी खुर्चीला पाठ टेकली. फार महिन्यांनी मला हलकं वाटत होतं.

पेपर मशीननं तपासले. माझा एकही प्रोग्रॅम चालला नाही. शून्य.

भाऊ उसळला. म्हणाला, पेपर मागू, तक्रार करू, वकील करू. मीच त्याला गप्प केलं. "मला येत नव्हतं. सोड ना आता." मला खरंच तसं वाटत होतं. तो रात्री जेवला नाही, मीही नाही.

शेवटच्या दिवशी समोसे, शाल, भाषणं. सगळे माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले की मी तिथे नसल्यासारखं वाटलं. मग अकाउंट्सवाली शेजारी येऊन बसली. माझा हात हातात घेतला.

"मुझे बहुत बुरा लगा, मॅडम. मैंने तो आपका पेपर इतना सुंदर बनाकर भेजा था. लाइनें सब आगे-पीछे थीं, कोई इधर, कोई उधर. मैंने सारी एक सीध में कर दीं. आप ही तो सबको डाँटती थीं ना, लाइन कहाँ घूमने जा रही है."

समोसा माझ्या घशात अडकला. वाटलं, हिला गदागदा हलवावं. वाटलं, इथल्या इथे हंबरडा फोडावा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. ती माझी पाठ चोळत राहिली. तिला वाटलं, मला ठसका लागलाय.

पाणी प्यायल्यावर मी तिला एकच विचारलं, "कैसा दिख रहा था?"

"एकदम सीधा," ती म्हणाली. "जैसा आप करती थीं."