भीमेपलीकडचं स्टेडियम

१९९७ साली मी पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी पदाचं नाव तेच. त्या वर्षी आमच्याकडे दौंड तालुक्यातल्या एका गावच्या स्टेडियमचं काम आलं. चार महिने मी त्यावर होते. गॅलरीच्या पायऱ्या, धावण्याचा ट्रॅक, त्याच्याभोवतीचं पावसाच्या पाण्याचं गटार, गॅलरीखालचे दुकानांचे गाळे, सगळं माझ्या हातचं. साइटवर मात्र साहेब आणि पुरुष मंडळी जायची. पुढे मी नोकरी बदलली आणि ते स्टेडियम बांधून झालं, एवढंच कानावर आलं.

२००९ च्या जानेवारीत लागून तीन सुट्ट्या आल्या आणि मनात आलं, जाऊन बघून यावं. वाटेत इनामगावही होईल.

"लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात," नवरा म्हणाला. "तू दौंडला स्टेडियम बघायला?"

मी एकटीच निघाले.

शिवाजीनगर स्टँडवरून सकाळी सातची शिरूर गाडी घेतलीत तर वाघोलीची गर्दी थोडी तरी चुकते. शिक्रापूरनंतर रस्ता छान रुंद आहे. रांजणगावला अर्धी गाडी उतरते, काही गणपतीला, बाकीची कंपन्यांत. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. स्टँडसमोर मिसळ बरी मिळते, पण पाव आदल्या दिवशीचा निघाला. शेजारच्याच लॉजवर खोली मिळाली. चादर मात्र घरची न्या.

तिथून न्हावऱ्याला जीप. दहा जणांची जीप अठरा जण झाल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे घाईत असाल तर या रस्त्याला लागू नका. न्हावऱ्याहून दुसरी जीप, मग थोडं चालणं, की इनामगाव. तीन हजार वर्षांपूर्वीची घरं इथे उकरून काढली होती, हे शाळेत शिकलेलं. प्रत्यक्षात घोड नदीच्या काठाला एक उंचवटा आणि भोवती कांद्याची शेतं. मला तरी कुठे पाटी दिसली नाही. पाणी देणाऱ्या एका शेतकऱ्याने वाफ्यातलं एक खापर उचलून दाखवलं. लालसर, त्यावर काळी रेघ. मी ते पाहून त्याच्या हातात परत दिलं.

"इथली माणसं गेली कुठं मग?" मी विचारलं.

"पाऊस हटला म्हणत्यात. आन् गेली कुटंतरी," तो म्हणाला, खापर बांधावर ठेवलं आणि पुढच्या वाफ्यात पाणी वळवायला दारं मोडू लागला.

संध्याकाळी शिरूरला परतले. पिठलं-भाकरी, ठेचा आणि लवकर झोप.

दुसऱ्या दिवशी न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या रस्त्याला लागले. भीमेचा पूल आला तशी जीपमधल्या बायकांनी पदर नाकाला लावले. पाण्यावर हिरवी जलपर्णी पसरलेली आणि वास असा की डोळ्यांत पाणी यावं.

"एवढी घाण कशी हो नदी?" मी सहज म्हटलं.

शेजारची बाई माझ्याकडे वळली. "तुमी पुण्याच्या का?"

"हो."

"मग तुमच्याकडचंच पाणी हाय ते, ताई."

जीपमध्ये सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार?

पूल ओलांडून काही किलोमीटरवर ते गाव. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्याने तिथल्या माणसांना त्रास व्हायला नको. फाट्यावर उतरले आणि गॅलरी लांबूनच ओळखली. आपल्या हाताने रेघारेघांनी काढलेली वस्तू उसाच्या शेतांच्या मधोमध खरीखुरी उभी असलेली बघून मी भराभर चालू लागले. आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? जवळ जाईपर्यंत टिकला तो. छपराचे पत्रे निम्मे उडालेले होते. गाळ्यांची शटरं गंजून जमिनीशी चिकटली होती. एका गाळ्यावर 'विजय टी अँड कोल्ड्रिंक' ही अक्षरं अजून वाचता येत होती.

फाटक नुसतं लोटलेलं होतं. मी आत शिरले, गळ्यात कॅमेरा, हातात वही. मैदानावर दहा-बारा मेंढरं चरत होती. पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला पाहिलं आणि तो ताडकन उठला. घोंगडी तिथेच टाकून "हुर्र, हुर्र" करत तो मेंढरांना पलीकडच्या भिंतीच्या खिंडाराकडे पळवू लागला. मेंढरं बिथरली. एक गाभण मेंढी मागे राहिली, तिने ट्रॅकच्या कडेच्या गटारावरून उडी घेतली आणि ती आत पडली. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी धावले. गटार कमरेइतकं खोल. मी आत उतरले, म्हाताऱ्याने वरून धरलं आणि आम्ही तिला बाहेर काढलं. पुढचा डावा पाय लोंबत होता.

"साहेब, आजच फकस्त आणली हुती," तो धापा टाकत म्हणाला. "रोज न्हाई आणत. लिहू नका कागदावर."

"आबा, मी साहेब नाही. नुसती बघायला आले आहे."

त्याला ते कळायला वेळ लागला. तो स्टेडियमचा वॉचमन होता. तपासणीला कोणीतरी बाई येणार, जनावर आत दिसलं तर नोकरी जाईल, असं त्याला आठवड्यापूर्वी बजावलं होतं. मी नेमकी वही घेऊन उगवले होते.

त्याने मुंडाशाची पट्टी फाडली, कुंपणाच्या दोन कामट्या काढल्या आणि मेंढीचा पाय असा बांधला की एखादा डॉक्टर बघत राहिला असता.

"उभी राहील का?"

"बघू," तो म्हणाला. "गटारावर जाळ्या हुत्या म्हणं. आमी काय बघितल्या न्हाईत."

नकाशात जाळ्या होत्या. दर मीटरला एक, लोखंडी, मी स्वतः काढलेल्या. आता न सांगणं मला जमेना. मी म्हटलं, "आबा, या स्टेडियमचे नकाशे मी काढलेत."

तो रागावेल असं वाटलं होतं. तो कितीतरी वेळ माझ्या हातांकडेच बघत बसला. मग म्हणाला, "म्हंजी आमचा वाडा तुमी बघितला असंल. कागदावर."

"कसला वाडा?"

"मेंढरांचा. ह्ये समदं गायरान हुतं. आमची चार घरं हुती, हिर हुती, बिरोबाचं ठाणं हुतं. मोजायला माणसं आली तवा आमी त्यास्नी च्या पाजला."

माझ्याकडे जो सर्व्हेचा कागद आला होता त्यावर असलं काहीही नव्हतं. एक चौकट होती आणि आत लिहायचं होतं 'व्हेकंट लँड'. ते मी लिहिलं होतं. अक्षर चांगलं म्हणून ऑफिसात मजकूर माझ्याकडूनच लिहून घ्यायचे.

हे मी त्याला सांगितलं. मोकळी जागा असं लिहिलं होतं, म्हटलं.

"मोकळी," तो म्हणाला. मेंढीच्या पाठीवरची गटारातली माती तो हाताने झाडू लागला.

तेवढ्यात मोटरसायकलवरून एक जाडजूड गृहस्थ आले. हे गावचे माजी सरपंच, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. परकी बाई स्टेडियमवर आल्याचं त्यांना फाट्यावरच कळलं होतं. मी कोण ते ऐकल्यावर त्यांनी चहा मागवला आणि आम्ही तिघं पायऱ्यांवर बसलो. स्टेडियम आणण्यासाठी मुंबईपर्यंत खेटे घातलेला माणूस हाच. स्टेडियमकडे येणाऱ्या रस्त्यासाठी स्वतःचं दोन एकर बागायत रान त्यांनी फुकट दिलं होतं.

"आमाला वाटलं, मॅची व्हतील, पुण्याच्या गाड्या थांबतील, लॉज निघंल, पोरं कामाला लागतील," ते म्हणाले. "पयली दोन वर्षं झाल्या बी. च्यावाल्याला दूध पुरत नव्हतं. मग दुसरीकडं बी मैदानं झाली. हितं कोण येतंय? लाइटबिल कुणी भरायचं ह्यावर ग्रामसभेत डोकी फुटायची येळ आली. गवताला बोअर मारली, ती चालू केली की खालच्या हिरी आटायच्या. गवत वाळवलं शेवटी."

"आन् बाजार?" आबा जमिनीकडे बघत म्हणाला.

आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "गायरानावर मेंढरांचा बाजार भरायचा. दर मंगळवारी. कंपाउंड झालं तसा तो रस्त्यावर आला, मग दुसऱ्या गावानं नेला. तवा आमी म्हणलं, जाऊ द्या, घाण जाती गावातनं."

"मॅच वर्सातनं दोनदा," आबा म्हणाला. "बाजार बावन्न येळा."

आप्पांनी वाद घातला नाही. थोड्या वेळाने मात्र त्यांना काहीतरी चांगलं सांगावंसं वाटलं असावं. "पर मंगलचं सांगा की आबा. ताई, ह्यांची नात पोलिसात हाय. ह्याच ट्रॅकवर पळून भरती झाली. तालुक्यात पयली आली पळण्यात."

मी आबाकडे पाहिलं. त्याचा चेहरा क्षणभर उजळला आणि पुन्हा होता तसा झाला.

"व्हय," तो म्हणाला. "पाटं चारला उठून पळायची. म्या फाटक उगडून द्यायचो. माजी दीडशे मेंढरं गेली ह्या जागंपायी, म्हातारी झुरून गेली. आन् पोरीचं भलं झालं ते बी हितंच. आता शिव्या द्यायची बी सोय न्हाई राहिली, बाई."

आप्पा उठून रिकामे कप गोळा करू लागले.

निघताना आबाने माझी वही मागितली. तो ती उघडून न्याहाळत होता, पण त्याला वाचता येत नव्हतं. वही परत देऊन म्हणाला, "आता काढा. म्या सांगतो."

मी वरच्या पायरीवर बसून काढू लागले. तो बोट दाखवायचा. बक्षीस द्यायचा कट्टा आहे तिथे विहीर. गोलपोस्टच्या मागे बिरोबा. त्याचं घर नेमकं आम्ही बसलो होतो त्या गॅलरीखाली, आणि दाराशी लिंब. "जरा आल्याड घ्या," म्हणून त्याने लिंब दोनदा खोडायला लावला. आप्पांनीही एक चूक दुरुस्त केली. वाट विहिरीच्या डावीकडून होती, म्हणाले. कागद फाडून मी आबाला दिला. त्याने घडी न घालता तो घोंगडीच्या आत छातीशी धरला.

मेंढी तोवर उठली नव्हती.

आप्पांनी माझा फोन नंबर लिहून घेतला आणि चौफुल्यावर सोडलं. तिथून पाटसला एसटी, पण उसाच्या बैलगाड्यांमागे गाडी अर्धा तास मुंगीसारखी चालली. गाळपाच्या दिवसांत या रस्त्याला जाणार असाल तर तेवढा वेळ हाताशी ठेवा. पाटसला वडापाव खाल्ला, चव लागली नाही. दौंडला स्टेशन मोठं आणि स्वच्छ, पुण्याची पॅसेंजर साडेचारला मिळाली, तिकीट बसपेक्षा कितीतरी स्वस्त. खुटबावजवळ गुऱ्हाळांचा धूर सरळ वर चढत होता. समोरच्या बाकावर गुऱ्हाळावर काम करणारे दोघे भय्ये होते. "इस साल गन्ना अच्छा है," एक दुसऱ्याला सांगत होता. दुसरा झोपला होता.

घरी नवऱ्याने विचारलं, "कसं होतं स्टेडियम?" मी म्हटलं, "पायऱ्यांचं माप बरोबर आलंय."

ही पोस्ट तेव्हाच लिहायला घेतली होती. संपवली नाही. मग जूनमध्ये एक फोन आला. "मी मंगल बोलतेय. आप्पांकडून तुमचा नंबर घेतला." आवाज स्वच्छ, बोलणं थेट पोलिसांचं. गॅलरी धोकादायक ठरवून बंद केली होती, वॉचमनची जागा गेली होती. तिने आबांना स्वतःकडे पुण्यात आणलं होतं, पोलीस लाइनीत, तिसऱ्या मजल्यावर. मेंढरं विकली. पाय मोडलेली मेंढी त्याआधीच गेली होती, पोटातल्या कोकरासकट.

"तुम्ही काढून दिलेला कागद आबा दिवसभर घेऊन बसतात," ती म्हणाली. "मॅडम, एक विचारू? त्यात ट्रॅक नाही."

"तो नव्हताच ना तेव्हा, मंगल."

"माहितीये. पण माझं सगळं त्या ट्रॅकवर झालं. आबांना म्हटलं तर म्हणतात, कुठं काढणार, जागा कुठं हाय." ती थांबली. "तुम्ही या एकदा. त्यांना बोलायला कोणी नाही इथं. खिडकीत बसून असतात."

मी येते म्हटलं. पत्ता लिहून घेतला.

तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जाणार असाल तर जरूर जा. शिरूरची मिसळ खा, इनामगावचा उंचवटा पाहा, भीमेच्या पुलावर जीपची काच लावून घ्या. गावोगावी नवी स्टेडियम बांधायला निघालेल्यांना तर मी हात जोडून सांगेन, आधी मंगळवारी तिथे काय भरतं ते बघून या. हे सांगायचा मला फार अधिकार आहे असं नाही.

पोलीस लाइन माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. फोन येऊन पाच महिने झाले. मी अजून गेलेले नाही.