बिब्ब्याचा डाग

आमचे हे, गुणाजी, चाळीस वर्षं पेणच्या खाडीकाठी मिठागरात मीठ ओढतायत. वरून ऊन, खालून पांढऱ्याफेक मिठाची तिरीप. टोपी घाला, टोपी घाला, सांगून माझी जीभ झिजली. ऐकतील तर शपथ!

तीन वर्षांमागं ह्यांच्या नाकाशेजारी, डोळ्याखाली, मसुराएवढी पुळी आली. खपली धरायची, निघायची, रक्त यायचं. मिठागरात तळपायाला भेगा पडतात, त्यांवर आम्ही बिब्बा घालतो. सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की चटका द्यायचा. पायाला चालतं ते तोंडाला का नाही, असं मला वाटलं. मीच घातला. जाड खपली आली की म्हणायची, बघा, सुकलं. असे दोन वर्षं चटके दिले, बाई, माझ्या ह्या हातांनी.

मग आमचा मुलगा विनेश ह्यांना जबरदस्तीनं मुंबईच्या इस्पितळात घेऊन गेला. तुकडा काढून तपासला. कातडीचा कॅन्सर. डॉक्टरबाई म्हणाल्या, कापून काढू, कपाळाची कातडी फिरवून तिथं बसवू. पण डाग खालच्या पापणीपर्यंत गेलाय, पापणी काढावी लागेल, डोळा राहील याची खात्री नाही.

त्यानंतर नुसत्या खेपा. आज रक्त, उद्या फोटो, परवा मोठे डॉक्टर नाहीत. बाकड्यावर बसून कंबर मोडली. प्रत्येक खेपेला बाई विचारायच्या, "ह्याला काही लावलं होतं का?" हे प्रत्येक वेळी म्हणायचे, "न्हाय काय. खाऱ्या पाण्यानं धुतला, बस." आणि मी शेजारी तोंड शिवून बसलेली. गावात कळलं तर वन्सं मला सोडणार होत्या थोड्याच! भावाचं तोंड जाळलं म्हणाल्या असत्या. खोटं तरी काय होतं त्यात?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाईंनी निळ्या पेनानं ह्यांच्या तोंडावर रेघ काढली. रेघ पापणीला टेकली, तसं मला आठवलं. शिमग्यात चटका देताना ह्यांनी मान हलवली होती आणि तेल ओघळलं होतं, ते तिथंच.

"बाई, थांबा!" मी ओरडलेच. "पापणीवरचा डाग रोगाचा न्हाय. माझा हाय. बिब्ब्याचा."

बाई खूप बोलल्या. बोलू देत. पण ऑपरेशन थांबवलं, पापणीचे बारीक तुकडे तपासायला पाठवले. आठ दिवस आम्ही जीव मुठीत धरून घरी बसलो. पापणीत रोग नव्हता. मग खालचं तेवढं कापलं, नाकाची एक बाजू गेली, कपाळाची कातडी आली. डोळा राहिला.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात ह्यांना पेज भरवत होते. विचारलं, "तेल ओघळलेलं तुमाला ठावं होतं ना? मग गप का बसलात?"

"बाय तुला बोलली असती. सगल्यांदेखत."

"आन डोळा गेला असता तर?"

"दुसरा होता की, जने."

असा संताप आला मला! वाटी खाली ठेवली आणि तिथंच, सगळ्या वॉर्डादेखत, हुंदके देऊन रडले.